कडेचा नमुना ग्राह्य धरू नये

गुंडप्पा हत्तरगे या माणसावर माझा वीस वर्षं राग आहे. तो आजारी पडला म्हणून राग कमी झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजारी माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक प्रत्येक वाक्य पाकात बुडवून काढतात. गुंडप्पाला पाकाचं कौतुक नाही, त्याचा जन्म साखर मोजण्यात गेला.

मूळचा तो उमरग्याकडचा. तरुणपणी ढोकीला आला आणि आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटला. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगितलं तर माझा ऊस पुन्हा मार्चात तुटायचा. हुद्दा लॅब असिस्टंटचा, पण गाव त्याला गुंडप्पा केमिस्ट म्हणतं आणि तोही ते खोडून काढत नाही. हंगामाआधी प्रत्येकाच्या फडात जायचं, उसाचा रस काढायचा, त्यात गोडी किती ते ब्रिक्स मीटर नावाच्या हातातल्या यंत्रावर बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. ज्याचा आकडा मोठा त्याची तोड आधी. त्या एका आकड्यासाठी आमच्याकडं लोकांनी त्याला कोंबडी दाखवली, धोतरजोडी दाखवली, एकानं तर सोयरीक दाखवली. गुंडप्पा बधला नाही.

त्याचा एकच नियम होता. नमुना मधला घ्यायचा.

"बांधाकडचा ऊस खोटं बोलतोय तात्या," तो मला म्हणायचा. "त्याला ऊन जास्ती, वारा जास्ती, खत जास्ती. मालकाचं ध्यानबी तितंच. खरं काय ते फडाच्या मधी."

आणि मग तो खरोखर मध्ये शिरायचा. अंगाला पाती कापून घेत, तोंडावर ओरखडे घेऊन दुसऱ्या अंगानं बाहेर निघायचा. वीस वर्षांपूर्वी मी बांधाच्या चार ओळी लेकरासारख्या सांभाळल्या होत्या. कडेला एकवीस ब्रिक्स होतं, मी स्वतः मोजलं होतं. गुंडप्पा आत गेला, बाहेर आला आणि वहीत सोळा लिहिलं. माझा ऊस मार्चअखेर तुटला, तोवर त्याचं सरपण झालं होतं. तिथून आमचं बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे मी रोज त्याच्या ओट्यावर जाऊन त्याला चार शब्द सुनवायचो आणि चहा पिऊन घरी यायचो.

हा नियम त्यानं घरीही आणला. बाजारात मिरचीच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळातली मिरची काढायचा. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचायचा. त्याच्या पोरीला, अर्पिताला, पाहायला आलेला मुलगा तीन भावांतला थोरला. गुंडप्पा त्याच्याशी दोन वाक्यं बोलला आणि मधल्या भावाला घेऊन गोठ्यात दोन तास बसला. म्हणाला, थोरला दाखवायला ठेवलेला असतो, धाकटा लाडावलेला असतो, घर कळतं ते मधल्यात. पोरीचं सोनं झालं. गुंडप्पाच्या खोडीत हीच मोठी अडचण होती, ती नेहमी बरोबर निघायची.

गेल्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर, त्यानं जवसाची चटणी खायची सोडली.

ताटात डाव्या बाजूला चटणी असते. प्रेमाबाई, म्हणजे त्याची बायको, जवसाची चटणी अशी करतात की आमच्या गल्लीत तिच्यावरून भांडणं झालीत. गुंडप्पा जेवायचा, उजवीकडची भाजी संपवायचा, भाकरीचा उजवा अर्धा खायचा, हात धुवायचा. डावीकडं चटणी तशीच आणि अर्धी भाकरी तशीच. प्रेमावहिनींनी चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवसापासून त्याच्याशी अबोला धरला. तो सोळा दिवस टिकला. सतराव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भावजी, ह्यान्ला आजून कळलंच न्हाय म्या बोलत न्हाय ते." मी म्हणालो, यात नवीन काय.

त्याच दिवसांत आमच्या भागातला ऊस फिका पडला. गुंडप्पाच्या वहीत कुठल्याच फडाला दहाच्या वर आकडा दिसेना. साडेआठ, नऊ, सात पूर्णांक नऊ. कारखान्यात हाहाकार उडाला. संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. एक म्हणाला बेणं खोटं आलं. दुसरा म्हणाला पाणी खारट झालं. तिसऱ्यानं देवीला अभिषेक करायचा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. कृषी विद्यापीठाचे एक गृहस्थ आले, त्यांनी पानं हुंगली आणि हवामानावर बोलून निघून गेले. मीटर दुरुस्तीला पाठवलं, ते "दोष नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत आलं. पुन्हा साडेआठ. गुंडप्पाकडं बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण तीस वर्षांत तो चुकल्याचं कोणाला माहीत नव्हतं.

माझ्या फडाला आठ पूर्णांक चार लिहिलेलं कळलं तेव्हा मी भांडायलाच लॅबमध्ये गेलो. तो बाकावर पाठमोरा बसून दुसऱ्याचा रस मोजत होता. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. मीटरच्या काचेवर स्वच्छ एकोणीस पूर्णांक दोन. त्यानं वहीत लिहिलं, नऊ पूर्णांक दोन.

"गुंडप्पा, एक कुठं गेला?"

"कुठला एक?"

मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. त्याला माझं बोटही दिसलं नाही. मग मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून डावीकडं वळवलं. बराच वेळ तो काचेकडं पाहत राहिला. वहीची मागची पानं चाळली. आणि टोपण लावून पेन खिशात ठेवत म्हणाला, "मीटर बिघडलं न्हाय तात्या. म्या बिघडलोय."

मला त्याच्यासाठी भीती वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या गाडीत घालून सोलापूरला नेलं. एमआरआयमध्ये डोक्याच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ निघाली. उजवीकडच्या गाठीनं डावीकडचं जग पुसून टाकलं होतं, चटणीसकट. प्रेमावहिनींनी ते ऐकलं आणि सोळा दिवसांच्या अबोल्याबद्दल दवाखान्याच्या जिन्यात बसून त्या एवढ्या रडल्या की तिथली नर्स त्यांनाच पेशंट समजली.

सोलापूरकरांनी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं डॉक्टर अस्मिता भेटल्या. चाळिशीच्या आतल्या, शांत, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकायची वाईट सवय असलेल्या. ऑपरेशन तर करावंच लागणार होतं. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली.

"काका, या गाठीच्या पेशींमध्ये एक एन्झाइम आहे. ते पेशींना सारखं वाढा, वाढा म्हणून सांगतं. आमच्याकडं एक नवीन गोळी आहे. ती जाऊन त्या एन्झाइमला अडवते."

एन्झाइम म्हटल्यावर गुंडप्पा खुर्चीत सरळ झाला. शाळेत त्याला विकर म्हणतात, कारखान्यात कोणी काहीच म्हणत नाही, पण तुटलेला ऊस दोन दिवस यार्डात पडला की त्यातलं एक एन्झाइम साखर खाऊन टाकतं, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. "मालूम हाय," तो म्हणाला. "लई हरामी जात."

"हो. पण अडचण वेगळी आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना फार घट्ट अस्तर असतं. पुष्कळ औषधं रक्तात फिरतात आणि मेंदूच्या दारातून माघारी येतात. म्हणून आम्ही असं करतो, ऑपरेशनच्या आधी सात दिवस गोळी द्यायची, आठव्या दिवशी गाठ काढायची, तिचा तुकडा यंत्रात घालायचा आणि गोळी तिथपर्यंत पोचली का, किती पोचली, तिनं एन्झाइमला गप्प केलं का, ते मोजायचं. पोचली असेल तर पुढं चालू ठेवायची. नसेल तर तिच्या नादात तुमचे महिने घालवायचे नाहीत."

"डाक्टरीण बाई," प्रेमावहिनी म्हणाल्या, "माझं बोलणं चौतीस वर्सं त्याच दारातनं माघारी येतंय. गोळी कशी शिरंल?"

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच बघायचंय काकू."

मला वाटतं गुंडप्पा त्या क्षणी खूष झाला. त्याच्या डोक्याचा ब्रिक्स निघणार होता. चौदा पानांचा मराठी फॉर्म त्यानं तीनदा वाचला, अर्थात मधल्या पानापासून सुरुवात करून. आणि अकराव्या पानावर त्याची गाडी अडली. तिथं दोन चौकटी होत्या. गाठीच्या मध्यातील नमुना तपासण्यास परवानगी आहे किंवा नाही. गाठीच्या कडेचा नमुना तपासण्यास परवानगी आहे किंवा नाही. त्यानं खिशातून लाल पेन काढलं, पहिल्या चौकटीत बरोबरची खूण केली, दुसरीवर आडवी रेघ मारली आणि समासात वळणदार अक्षरात लिहिलं: "कडेचा नमुना ग्राह्य धरू नये." खाली सही, हुद्दा, तारीख.

"काका, मधला तर आम्ही घेऊच," डॉक्टर म्हणाल्या. "पण कडेचा मला जास्त—"

मग गुंडप्पानं त्यांना नमुना या विषयावर चाळीस मिनिटं शिकवलं. बांध सांगितला, वारा सांगितला, माझा फड सांगितला, माझ्यासमोर. बाहेर पेशंटांची रांग जिन्यापर्यंत गेली. डॉक्टरांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची मर्जी. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, फॉर्मवरच तसं लिहिलंय. पण मला वाटतं तुम्ही चुकताय."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. वीस वर्षं मी या नियमावर तोंडसुख घेत आलो होतो, आणि ज्या एका दिवशी माझ्या बोलण्याचा उपयोग होता त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसलो. खरं कारण सांगतो. हे व्याख्यान माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तरी ऐकावं लागतंय, याची मला मजा वाटत होती. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

सात दिवस आम्ही पुण्यात लॉजवर राहिलो. रोज सकाळी सात वाजता गोळी. गुंडप्पानं वही घातली होती: वेळ, पाणी किती, गिळायला लागलेले सेकंद. गोळी घेतल्यावर प्रेमावहिनी त्याला आ करायला लावायच्या आणि जीभ उचलून खाली बघायच्या. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, गुंडप्पा शुद्धीवर आला, आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो तुकड्याबद्दल. मधलाच घेतला ना?

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. मधल्या नमुन्यात गोळी भरपूर सापडली होती. एन्झाइम जवळपास गप्प होतं. गोळी चालू ठेवायची.

प्रेमावहिनींनी फोन ठेवला आणि गल्लीत जाऊन मोठ्यानं सांगितलं, "शिरली. ह्यांच्या डोक्यात शिरली." एवढ्यावर हे थांबलं असतं तर ते आमचं गाव कसलं. दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला: "श्री. गुंडप्पा हत्तरगे (केमिस्ट) यांच्या मेंदूत औषध यशस्वीरीत्या पोहोचल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." मधोमध गुंडप्पाचा टोपी घातलेला फोटो, भोवती सत्तावीस शुभेच्छुक. त्यातल्या निम्म्यांचा ऊस त्यानं कधी ना कधी मागं ढकलला होता. तेरखेड्याहून फटाक्यांची पेटी आली. कारखान्याच्या अंगणात मांडव घालून शाल, श्रीफळ झालं. एक संचालक भाषणात म्हणाले की आजवर आपल्या भागातून साखर बाहेर गेली, पण एखादी गोष्ट आपल्या भागातल्या माणसाच्या डोक्यात गेल्याची ही पहिलीच वेळ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या स्वतःच्याही नंतर लक्षात आलं असावं, कारण ते घाईनं खाली बसले.

गुंडप्पा मान डावीकडं वळवून वळवून सगळ्यांकडं बघत होता. डावीकडची नजर थोडी परत आली होती. गोळीनं अंगावर पुरळ उठायचं, पोट बिघडायचं, पण तो एकही दिवस चुकला नाही. मीही नाइलाजानं मान्य केलं की नियम खरा.

चार महिन्यांनी पुन्हा पुण्याला एमआरआय झाला. डॉक्टर अस्मितांनी फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. जिथून गाठ काढली होती तिथं काळी पोकळी होती, स्वच्छ. पण तिच्या एका कडेला, बारीक चंद्रकोरीसारखी, पांढरी सावली उमटली होती.

"वाढतेय," डॉक्टर म्हणाल्या.

"गोळी तर पोचलीय," गुंडप्पा म्हणाला. "रिपोर्ट हाय."

"मध्ये पोचली होती. गाठीच्या मध्ये ते घट्ट अस्तर फाटलेलं असतं काका, तिथं औषध सहज शिरतं. कडेला गाठीच्या पेशी चांगल्या मेंदूत मिसळलेल्या असतात, तिथं अस्तर शाबूत असतं. म्हणून मी कडेचा मागत होते." त्यांनी फॉर्मचं अकरावं पान काढलं. "ऑपरेशनमध्ये कडेचाही थोडा भाग निघालाच होता. तो आमच्या फ्रीजरमध्ये आहे. तुम्ही नको लिहिलंय, त्यामुळं मी तो तपासलेला नाही. तुमच्या सहीशिवाय तपासणारही नाही."

"आणि तपासून काय व्हईल?"

"कडेला गोळी नसेल, तर ही बंद करून दुसरी देता येईल. ती बारीक आहे, आत शिरायची शक्यता जास्त. पण ही पोचत नाही असं सिद्ध झालेल्यांनाच त्या अभ्यासात घेतात. आणि या सावलीकडं बघता आपल्याकडं फार दिवस नाहीत."

सगळं एका सहीवर आलं होतं. गुंडप्पानं हाताची घडी घातली आणि म्हणाला, "कडेच्या नमुन्याचं म्या आधीच लिवून दिलंय."

मी त्याला बाहेर व्हरांड्यात ओढला. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मी म्हणालो, तुझ्या नियमापायी माझा ऊस वाळला तेव्हा मी सोसलं, आता तुझं डोकं वाळत चाललंय तरी तू त्याच बांधावर उभा आहेस. तो म्हणाला, "तात्या, एकदा गैरसोयीचा आकडा आला म्हणून नमुन्याची जागा बदलली, तर मग म्या तीस वर्सं लोकांच्या तोडी कशापायी मागं टाकल्या?" खोटारडा माणूस वळवता येतो. प्रामाणिक माणसापुढं डोकं आपटावं लागतं, आणि त्याचं डोकं तर आधीच उघडून झालेलं.

प्रेमावहिनी बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांना ब्रिक्स, एन्झाइम, अस्तर यातलं काही नको होतं. त्या उठल्या आणि परत खोलीत शिरून डॉक्टरांना विचारलं, "बाई, त्यो मधला गोळा आता हाय कुठं?"

"काढून टाकला काकू. तपासून झाल्यावर त्याची विल्हेवाटही लागली."

"आन् कडेचं?"

"त्यातलं थोडं फ्रीजरमध्ये. बाकीचं काकांच्या डोक्यातच आहे. जे वाढतंय ते तेच."

गुंडप्पा त्यांच्या मागोमाग दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं ते ऐकलं आणि तो हळूहळू खुर्चीवर बसला. ओठ हलत होते, वहीत बेरीज करताना हलायचे तसे.

"म्हंजी म्या गाळून झालेल्या उसाचा ब्रिक्स काढला," तो म्हणाला. "उभा ऊस सोडून."

मला त्याच्यावर विजय मिळाल्यासारखं वाटायला हवं होतं. मी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"दवा जितं पोचला त्यो भाग तुमी कापून टाकला. जितं पोचला न्हाय त्यो माज्याकडं ठेवला. आन् गावानं फटाकडे उडवले." त्यानं हात पुढं केला. "आणा मॅडम. लाल पेन हाय माज्याकडं."

फॉर्म आला. त्यानं समासातलं आपलं वाक्य खोडलं, शेजारी "दुरुस्ती" असं लिहिलं, सही केली. सवयीनं हुद्दाही लिहिला.

आठ दिवसांत निकाल आला. कडेला शून्य. डॉक्टर म्हणाल्या, यंत्राला सापडेल एवढीसुद्धा गोळी तिथं नाही. चार महिने गुंडप्पानं पुरळ सोसलं, पोट सोसलं, आणि गोळी ज्याला भेटायला जात होती तो पत्ता केव्हाच कचऱ्यात गेला होता.

घरी आल्यावर तो तडक फ्लेक्सच्या दुकानात गेला. चुकीचा आकडा वहीत राहू द्यायचा नाही म्हणे. दुकानदारानं हरतऱ्हेनं समजावलं, पण फ्लेक्स छापावाच लागला: "दुरुस्ती. श्री. हत्तरगे यांच्या मेंदूत औषध पोहोचल्याचे वृत्त फक्त मध्यापुरते खरे होते. कडेस निरंक." शुभेच्छुक म्हणून फोटो द्यायला सत्तावीसपैकी एकही पुढं येईना. दुकानदार म्हणाला, एकही फोटो नसला तर फ्लेक्स भकास दिसतो. शेवटी एकच फोटो लागला, माझा. संचालक मंडळानं तो फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवायला सांगितला, भागाची बदनामी होते म्हणून.

दुसरी गोळी मिळाली. पुन्हा सात दिवस सकाळची गोळी, पुन्हा जिभेखाली तपासणी, पुन्हा ऑपरेशन. या वेळी वाढलेल्या कडेचे पाच ठिकाणचे तुकडे घेतले. जागा त्यानं स्वतः कागदावर आकृती काढून सुचवल्या होत्या आणि सर्जननं त्यातल्या तीन नाकारल्या, कारण तिथून घेतले असते तर गुंडप्पाचं बोलणं गेलं असतं. प्रेमावहिनी म्हणाल्या, बोलणं जाऊ द्यायचं की नाही याचा विचार करायला आपण थोडा वेळ मागितला होता. पण हे सांगून त्या लगेच त्याच्या उशाशी जाऊन बसल्या. निकाल येईपर्यंत ती गोळी चालूच ठेवली होती.

मागच्या महिन्यात निकालाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावरच होतो. डोक्याला पट्टी, हाडकुळा झालेला, गुंडप्पा भिंतीला टेकून बसला होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि मध्ये ठेवला.

"काका, कडेला गोळी सापडली," डॉक्टर अस्मिता म्हणाल्या.

"किती जागी?"

"पाचही ठिकाणी."

"किती?"

"कमी आहे. खोटं सांगत नाही. एन्झाइम पूर्ण गप्प झालेलं नाही, अर्धंमुर्धं झालंय. एवढ्यानं सावली थांबेल का, हे आज मला सांगता येणार नाही. आणि ही गोळी पुढं पुढं पहिलीपेक्षा जड जाईल. उलट्या होतील, ताकद जाईल. कित्येक जण सोडून देतात. तुम्ही नको म्हणालात तरी मी समजून घेईन. विचार करून उद्या सांगा."

मला वाटलं आता तो विचारणार, यंत्र कितीदा चालवलं, प्रत्येक वेळी आकडा तोच आला का, चुकीची मर्यादा किती. मी त्याला तीस वर्षं ओळखतो. या माणसानं माझ्यासमोर कधी आकड्याशिवाय वाक्य पुरं केलेलं नाही.

"मॅडम," गुंडप्पा म्हणाला, "मला जगायचंय. चालू ठेवा."

डॉक्टर बरं म्हणाल्या आणि फोन बंद झाला. मी रस्त्याकडं बघत बसलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायची माझी इच्छा नव्हती. वहिनींच्या मांडीवरचं सूप तसंच होतं.

"चौतीस वर्सं," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्सं इचारतीया, तुमाला काय पायजे, काय पायजे. कदी एका शब्दानं बोलला न्हाईत. आन् आज फोनवर, परक्या बाईला सांगितलं."

गुंडप्पानं मान पूर्ण डावीकडं वळवली, कारण त्या त्या बाजूला बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडं बघत राहिला. मग वहिनींनी सूप खाली ठेवलं, डोळे पुसले आणि सकाळची गोळी राहिली होती म्हणून पाणी आणायला आत गेल्या.